टच स्विच आपोआप चालू-बंद होतोय? काचेच्या आधी बोर्डाची वीज तपासा

रात्री दोन-अडीचला हॉलमधला दिवा आपोआप लागतो. बाथरूमचा एक्झॉस्ट बंद केला की पॅसेजमधला दिवा विझतो. एका बटणाला हात लावला की शेजारचंही लागतं. काचेचे टच स्विच बसवलेल्या घरांत यातलं काही ना काही ओळखीचं असतं, आणि पावसाळा लागला की जास्तच. वायरमनला बोलावलं तर उत्तर ठरलेलं: "सेन्सर जास्त सेन्सिटिव्ह आहे, कमी करून देतो," नाहीतर "पीसच खराब आहे, बदलून टाका." नवा पीस काही महिने सरळ चालतो आणि मग ये रे माझ्या मागल्या.

माझं म्हणणं असं, की संवेदनशीलता कमी करणं हा यावरचा सगळ्यात शेवटचा उपाय आहे. दोष बहुतेक वेळा काचेपुढे नसतो, काचेमागे बोर्डाला मिळणाऱ्या विजेत असतो. तो तसाच ठेवून सेन्सर बोथट केला तर होतं एवढंच, की बोट दोनदा दाबावं लागतं आणि दिवा रात्री लागायचा तो लागतोच.

असं का, हे कळायला आत काय चाललंय ते थोडं पाहू. काचेमागे तांब्याची एक चकती किंवा स्प्रिंग असते. तिची, तिच्या वायरची आणि मागच्या डबीची मिळून काही पिकोफॅरड धारकता (विद्युतभार साठवायची क्षमता; पिकोफॅरड हे तिचं फार छोटं माप) मुळातच असते. काचेवर बोट टेकलं की तीत जेमतेम पिकोफॅरडभर किंवा त्याहूनही कमी भर पडते. आतली चिप हा फरक सेकंदाला अनेकदा मोजत असते. कोणीही हात न लावलेल्या अवस्थेची एक पातळी ती लक्षात ठेवते. हवेतला दमटपणा किंवा तापमान हळूहळू बदललं तर ती पातळीही हळूहळू सरकवते. मोजमाप एकदम बदललं तरच तिला बोट वाटतं. म्हणजे चिपला बोट ओळखता येत नाही, अचानक झालेला बदल ओळखता येतो. पुरवठ्याचा व्होल्टेज क्षणभर कोसळला तरी मोजमाप तसंच उडी मारतं, आणि चिपच्या लेखी ते बोटच.

आधी हे पाहा, मग स्क्रूड्रायव्हर घ्या

बटणाखालचा छोटा निळा किंवा लाल इंडिकेटर दिव्याबरोबर बदलतो का? दिवा आपोआप लागला-विझला पण इंडिकेटर होता तसाच राहिला, तर टचचा काही संबंध नाही. होल्डरमधली वायर सैल आहे, बल्बमधला ड्रायव्हर मरायला टेकलाय, किंवा रिलेचे (दिव्याची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बोर्डावरच्या छोट्या विद्युत स्विचचे) पॉइंट चिकटलेत. चिकटलेल्या रिलेत इंडिकेटर बंद दाखवतो आणि दिवा विझतच नाही. बोर्डावर टिचकी मारल्यावर विझला तर निदान पक्कं समजा.

स्विच मोबाईलवरूनही चालत असेल तर ॲपमधले टायमर आणि 'सीन' उघडून पाहा. रोज त्याच मिनिटाला लागणारा दिवा हा बिघाड नसतो, कोणीतरी लावून विसरलेलं वेळापत्रक असतं. रिमोटवाला असेल तर शेजाऱ्यांकडेही त्याच जातीचा रिमोट आहे का विचारा. स्वस्तातल्या रेडिओ रिमोटमध्ये ठरलेला एकच कोड असतो. काही जुन्या रिमोटमध्ये पत्ता बदलायची सोय असूनही ती कोणी वापरलेली नसते, आणि मग भिंतीपलीकडचा रिमोट तुमचा पंखा फिरवतो.

यातलं काहीच नसेल तर घरातल्यांना सांगून आठवडाभर टिपून ठेवा: आपोआप लागलं त्या क्षणी दुसरं काय झालं? फ्रिज चालू झाला, मोटर बंद झाली, लाईट येऊन गेली, पाऊस होता, कोणी काच पुसली? इथे मीटरपेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते, कारण पुढची सगळी कारणं वेगवेगळ्या वेळी डोकं वर काढतात.

उघडण्याआधी

यातल्या बहुतेक स्वस्त बोर्डांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यामुळे आतलं सगळं सर्किट, काचेमागच्या स्प्रिंगसकट, थेट मेनलाइनशी जोडलेलं असतं. तुमच्या आणि २३० व्होल्टच्या मधे फक्त ती काच असते. म्हणून एमसीबी पाडायचा, टेस्टरने खात्री करायची आणि मिनिटभर थांबायचं. पिवळ्या किंवा राखाडी चौकोनी कॅपॅसिटरमध्ये राहिलेला चार्जही चांगला झटका देतो, विशेषतः त्याच्या अंगावरचा रेझिस्टर गेला असेल तर. काच काढून बोर्ड कधीही मेनवर चालवू नका.

आणखी एक. "बोर्डाच्या मायनसला अर्थिंग द्या, टच सुधारतो" असा सल्ला फिरत असतो. बिनट्रान्सफॉर्मरच्या बोर्डावर हे अजिबात करू नका. तो मायनस फेजवर किंवा न्यूट्रलवर बसलेला असतो. आरसीसीबी (गळती करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) पडला तर नशीब समजा, नाहीतर बोर्ड फुटतो. अर्थिंग द्यायची ती भिंतीतल्या लोखंडी डबीला. तिला मात्र नक्की द्या, कारण अर्थिंग नसलेली डबी स्वतःच अँटेनासारखी वागते आणि सेन्सरची पातळी हलवत राहते.

खरा गुन्हेगार: चौकोनी कॅपॅसिटर

बोर्ड उलटा केला की सगळ्यात आधी नजरेत भरतो तो हा चौकोनी ठोकळा. त्यावर ४७४, ६८४ किंवा १०५ असा आकडा, शेजारी २७५ व्होल्ट आणि 'एक्स२' लिहिलेलं असतं. ४७४ म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरड, ६८४ म्हणजे ०.६८ आणि १०५ म्हणजे १. ट्रान्सफॉर्मरऐवजी हाच २३० व्होल्ट खाऊन आतल्या सर्किटला थोडासा करंट देतो. किती देतो याचा हिशोब सोपा आहे: ५० हर्ट्झच्या २३० व्होल्टवर १ मायक्रोफॅरड मागे साधारण ७२ मिलिअँपियर. म्हणजे ०.४७ वाला जास्तीत जास्त ३४ मिलिअँपियर देणार.

आता खर्चाची बाजू बघा. १२ व्होल्टच्या नेहमीच्या छोट्या रिलेची कॉइल ४०० ओहमची असते, म्हणजे एक रिले चालू ठेवायला ३० मिलिअँपियर. चार दिव्यांचे चार रिले एकदम ओढले तर १२०. चांगला बनवणारा इथे २४ व्होल्टचे रिले घालतो, कारण ते तेवढंच काम १५ मिलिअँपियरमध्ये करतात. स्वस्तात बनवणारा कॅपॅसिटर काठावरचा निवडतो. काम चालतं, पण कॅपॅसिटर नवा असेपर्यंतच.

एक्स२ जातीचा कॅपॅसिटर स्वतःला दुरुस्त करतो. लाइनवर झटका आला की आतल्या धातूच्या पातळ थराचा छोटासा तुकडा जळतो आणि शॉर्ट न होता कॅपॅसिटर पुढे चालू राहतो. पण प्रत्येक वेळी थोडी धारकता कमी होते, आणि दमट हवेत तो थर गंजतोही. कोकणातल्या किंवा मुंबईच्या हवेत काही वर्षं काढलेला १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर मीटरवर ०.६ दाखवतो, यात नवल काहीच नाही. वरून तो अगदी नवा दिसतो. फुगत नाही, काळा पडत नाही. त्यामुळे वायरमनच्या डोळ्याला तो कधी दिसतच नाही.

मग घडतं असं. एक दिवा लावलात, रिलेने करंट ओढला, आतला १२ व्होल्ट क्षणभर ८-९ वर आला, त्याखालचा ५ व्होल्टही ढळला, चिपचं मोजमाप उडालं, शेजारच्या पॅडवर (बटणामागच्या चकतीवर) 'बोट' दिसलं, दुसरा रिले ओढला गेला. एका बटणाला हात लावल्यावर दुसरं लागतं ते यामुळे. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर उतरतो तिथे हेच रोज दिवेलागणीला होतं, कारण कॅपॅसिटरमधून मिळणारा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो.

तपासायला बोर्ड मेनपासून पूर्ण सोडवून टेबलावर घ्या. कॅपॅसिटर सोल्डर काढून मीटरवर मोजा. अंगावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर बदला. नवा घेताना २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ च घ्यायचा. दुकानदार "तेवढ्याच व्हॅल्यूचा, ४०० व्होल्टचा आहे" म्हणून साधा फिल्म कॅपॅसिटर पुढे करेल. घेऊ नका, तो शॉर्ट झाला की आग लागते. मूळ आकड्यापेक्षा मोठाही घालू नका, कारण जास्तीचा करंट झेनरला (व्होल्टेज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या डायोडला) जाळतो. शेजारचा उभा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर त्याच वेळी बदलून टाका. तो झेनर आणि रेझिस्टरच्या उष्णतेत भाजून निघालेला असतो. मूळ व्हॅल्यूचा, पण १०५ अंश तापमान सोसणारा घ्या. दोन्ही मिळून चहा-वड्याच्या खर्चात होतं.

कॅपॅसिटर मोजायचा मीटर नसेल तर एक युक्ती आहे. मेनच्या सगळ्या वायरी काढलेल्या असताना बोर्डाच्या १२ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टची बॅटरी जोडा, प्लस-मायनस नीट बघून, आणि काच बसवून बटणं दाबा. रिले टकटक वाजतील. चारही चालू केले तरी एकही आपोआप हलला नाही, तर सेन्सर आणि चिप ठणठणीत आहेत आणि दोष पुरवठ्यात किंवा भिंतीत आहे. बॅटरीवर बोट थोडं जास्त वेळ टेकवावं लागेल; घाबरू नका. सर्किटचा जमिनीशी संबंध तुटलेला असल्याने बोटाचा परिणाम कमी दिसतो.

पंखा, एक्झॉस्ट, जुनी ट्यूब

कॅपॅसिटर ठीक निघाला आणि वहीत "एक्झॉस्ट बंद केल्यावर" अशी नोंद असेल, तर मोटरच्या उसळीचा दोष. मोटर किंवा चोक बंद होताना रिलेच्या पॉइंटवर ठिणगी उडते. तिचा झटका इंचभर अंतरावरच्या सेन्सरपर्यंत सहज पोचतो. यावर स्नबर लावायचा: ०.१ मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्टचा एक्स२ कॅपॅसिटर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर. तयार पॅकमध्येही मिळतो. तो लोडला समांतर, म्हणजे पंख्याच्या फेज आणि न्यूट्रलवर लावा. रिलेच्या पॉइंटवर लावला तरी काम होतं, पण मग त्यातून गळणाऱ्या थोड्याशा करंटने कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद उजळतो आणि नवी तक्रार सुरू होते.

सेन्सरची वायर कुठून जाते तेही बघा. काही बोर्डांत पॅडपासून चिपपर्यंत तीन-चार इंच लोंबती वायर असते आणि ती डबीत पंख्याच्या फेजला बिलगून पडलेली असते. ती वेगळी करा, आखूड करा, हलणार नाही अशी चिकटवा. सेन्सरच्या ओळीत चिपजवळ १ ते १० किलोओहमचा रेझिस्टर नसेल तर घाला. मोबाईल बोर्डाशी धरला की दिवा लागतो, या तक्रारीवर तो चांगला चालतो.

न्यूट्रल आणि इन्व्हर्टर

आता भिंतीतला भाग. डबीत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील तर रिले फेजऐवजी न्यूट्रल तोडतो. दिवा विझतो पण होल्डर जिवंत राहतो, हा धोका वेगळाच. शिवाय न्यूट्रलला शून्य मानून आखलेल्या बोर्डाचं शून्यच फेजवर जाऊन बसतं आणि जमिनीवर उभ्या माणसाचं बोट त्याच्या दृष्टीने २३० व्होल्टने थरथरत असतं. टेस्टर लावून दोन मिनिटांत कळतं. फ्रिज चालू होताना घरातले दिवे कमी-जास्त होत असतील तर मेन बोर्डातला न्यूट्रलचा स्क्रू सैल असू शकतो. तो जाणकाराकडून तपासून आवळून घ्या. टच स्विच तिथे फक्त निरोप्या असतो.

जुन्या वायरिंगमध्ये स्विचच्या डबीत न्यूट्रलच नसतो, म्हणून दोन वायरींवर चालणारे टच स्विच विकले जातात. ते स्वतःची वीज दिव्यातूनच ओढतात. पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब असताना हे चालत होतं. ५ वॅटच्या एलईडीतून त्यांचं पोट भरत नाही. मग दिवा लुकलुकतो, बोर्ड रीसेट होतो, आपोआप लागतो. घरात जुना पिवळा बल्ब असेल तर तात्पुरता तोच लावून पाहा. सगळं सुरळीत झालं तर कारण सापडलं. स्विचच्या खोक्यात बरेचदा एक छोटा दोन वायरींचा ठोकळा येतो आणि लोक तो फेकून देतात. तो दिव्याला समांतर लावायचा असतो. त्याहून बरं म्हणजे न्यूट्रल ओढून तीन वायरींचा स्विच बसवणं.

इन्व्हर्टर हे महाराष्ट्रात खास आपलं कारण. लाईट गेली आणि दिवे नाचू लागले, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का बघा. त्याच्या उभ्या-आडव्या लहरीत कॅपॅसिटरमधून करंटचे टोकदार झटके जातात, झेनर तापतो आणि सेन्सरला प्रत्येक कडेला गोंगाट ऐकू येतो. साइन वेव्हवर हेच बोर्ड गप्प बसतात. इन्व्हर्टर बदलायची तयारी नसेल तर टच स्विचचे पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनमधून काढून घ्या. बोर्ड लवकर जाणं वाचेल.

लाईट परत येते तो क्षणही नाजूक. वीज मिळाल्यावर पहिल्या अर्ध्या-एक सेकंदात चिप आपली कोरी पातळी ठरवते. तेव्हा काचेवर कोणाचा हात किंवा ओला फडका असेल तर तीच पातळी धरली जाते आणि मग काही वेळ बटण विचित्र वागतं. एमसीबी पाडून दहा सेकंद थांबा आणि काचेपासून लांब राहून वर करा. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

आता काचेकडे

पाण्याची विद्युतधारणशीलता सुमारे ८०, काचेची ५ ते १०, हवेची १. त्यामुळे काचेवरून ओघळणारा एक थेंब बोटासारखा दिसू शकतो, आणि दोन पॅडवर पसरलेला ओला पट्टा दोन्ही बटणं एकदम चालवतो. काच पुसायची तर एमसीबी पाडून, किंवा नुसत्या कोरड्या फडक्याने. काचेवर थेट स्प्रे मारला की पाणी फटीतून आत उतरतं आणि आठवडाभर त्रास देतं.

काच आणि पॅड यांच्यात हवेची फट नको. चिकटपट्टी सुटली किंवा स्प्रिंग वाकली की पॅड कमी-जास्त दाबाने टेकतो, दार आपटलं तरी मोजमाप हलतं. काच काढून स्प्रिंगा एकसारख्या उंचीच्या करा. बोर्डावर किंवा कडेला चिकटवलेले सोनेरी 'शुभ लाभ'चे स्टिकर धातूच्या वर्खाचे असतात. ते दोन पॅडवर आले तर एका बोटाचा परिणाम दोघांवर पसरतो. कडेला साधा कागदी स्टिकर चालतो.

आणि पाल. हे हसण्यावारी नेऊ नका. रात्री इंडिकेटरच्या उजेडाला चिलटं येतात, त्यांच्यामागे पाल, आणि तिचं पोट काचेला टेकलं की चिपला ते बोटच वाटतं. २०१८ मध्ये हवाईतल्या सील या समुद्री प्राण्यांच्या एका रुग्णालयातून लोकांना सारखे निःशब्द फोन जात होते. शोधल्यावर टचस्क्रीन फोनवर बसलेली पाल सापडली. मध्यरात्रीचा दिवा फक्त एकाच बोर्डाचा आणि कधीतरीच लागत असेल, तर सकाळी काचेवर टॉर्चचा तिरपा झोत टाकून बघा. बारीक बोटांचे ठसे दिसतात. इंडिकेटरचा उजेड कमी करता येत असेल तर करा, नाहीतर त्यावर काळ्या टेपचा बारीक तुकडा.

पश्चिमेची भिंत पावसात सादळत असेल तर डबीच ओली होते. बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, नीट वाळवा आणि रिले व स्क्रूच्या जागा झाकून ॲक्रिलिकचा थर फवारा. काचेभोवती सिलिकॉन लावायचं असेल तर वर आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची कड मोकळी सोडा. चारी बाजूंनी बंद केलं तर भिंतीतून येणारी ओल आतच कोंडते. ओलीचा मूळ इलाज गवंड्याकडे आहे, तो टच स्विचमध्ये होणार नाही.

शेवटी संवेदनशीलता

एवढं सगळं करूनही खोटा टच येत असेल, तरच हे. टीटीपी२२३ सारख्या एकबटणी चिपमध्ये सेन्सर आणि मायनसच्या मधे ० ते ५० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर लावून संवेदनशीलता घटवता येते. तयार मॉड्यूलवर त्यासाठी रिकामी जागा असते. १० पिकोफॅरडपासून सुरुवात करा आणि एनपीओ (तापमानाने फारसा न बदलणाऱ्या) जातीचाच घ्या, नाहीतर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बटण वेगळं वागेल. काच जाड असेल तर जास्त वाढवू नका.

स्वतः ईएसपी३२ (प्रोग्राम करता येणारी छोटी चिप) वर बोर्ड बनवणाऱ्यांना हे काम प्रोग्राममध्ये करता येतं, आणि तिथे ते जास्त नेमकं होतं. लागोपाठ चार-पाच मोजमापं जुळली तरच टच माना. चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी वेगळी ठेवा. रिले हलवल्यावर पाव सेकंद सगळ्या पॅडकडे दुर्लक्ष करा; फक्त एवढ्याने एकाबरोबर दुसरं लागायचं बरंच थांबतं. दोनपेक्षा जास्त पॅड एकदम दबलेले दिसले तर ते पाणी किंवा फडका समजून सोडून द्या. मूळ ईएसपी३२ मध्ये हात लावल्यावर आकडा उतरतो आणि एस२, एस३ मध्ये चढतो. जुना कोड नव्या बोर्डावर टाकताना हे उलटं होतं आणि बटण नीट चालत नाही.

बोर्ड उघडल्यावर चौकोनी कॅपॅसिटरभोवती किंवा रिलेच्या पायांशी सर्किटची पट्टी तपकिरी-काळी झालेली दिसली, तर यातलं काहीही करू नका. जळलेली पट्टी स्वतःच वीज वाहू लागते, तिथे नवे पार्ट टाकून उपयोग नाही. तो बोर्ड टाकून द्या. नवा घेताना दुकानात मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा. फेज, न्यूट्रल आणि लोड असे वेगळे स्क्रू हवेत, आणि आत छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला एसएमपीएस (मोबाईल चार्जरसारखा वीजपुरवठा) हवा. चौकोनी कॅपॅसिटरवरच चालणारा असेल तर निदान रिले २४ व्होल्टचे असावेत, ते रिलेच्या डोक्यावरच छापलेलं असतं.